पुरणयंत्राची जाळी

आई, तुझ्या पुरणयंत्राची जाळी होळीच्या आठ दिवस आधी मधोमध चिरली. यंत्र बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, हे मला गाझियाबादच्या सातव्या दुकानात कळलं. पहिल्या सहांनी तर पुरण म्हणजे काय इथपासून सांगायला लावलं. तुटकी जाळी रुमालात बांधून मी सकाळी निघायचो आणि दुपारी चिडून परत यायचो. ऑनलाइन मागवलेली आली, ती बशीएवढी. सून म्हणाली, "बाबा, मिक्सर है ना!" मिक्सरमध्ये पुरणाची चिकट खळ होते, हे त्या पोरीला कोण सांगणार? पाट्यावर वाटावं, तर बायकोची बोटं आता वळत नाहीत. तीच एकदा म्हणाली, "जाऊ द्या हो, यंदापासून पोळ्यांऐवजी इथल्या करंज्या, गुजियाच आणू." यंदापासून! म्हणजे कायमचंच की. मला जेवण गेलं नाही.

शेवटी दिल्लीला चावडी बाजारात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराने जाळी बोटावर फिरवली आणि तो हसला. "बाबूजी, ये तो कीमा मशीन की है."

"नहीं नहीं, इसमें हम चने की दाल डालते हैं. मीठी."

"दाल डालो या बकरा, जाली को क्या पता?" त्याने नवी जाळी पुढे ठेवली. तोच घेर, तीच खाच. भोकं तेवढी जरा बारीक.

तिथेच उभ्या उभ्या मला छावणीतलं आपलं क्वार्टर आठवलं. शेजारच्या सुभेदारांच्या बायकोने यंत्र मागितलं आणि मी ते भिंतीवरून देऊन मोकळा झालो. संध्याकाळी त्यांच्याकडून खिम्याचा वास आला. तू यंत्र परत आणतेस, चिंच आणि राख लावून घासतेस, वर उकळतं पाणी ओततेस, आणि मला म्हणतेस, "देवाचं यंत्र आहे ते. अक्कल गहाण टाकलीस का?" दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस.

तरी जाळी घेतली. नवीकोरी आहे, तिने बकरा पाहिलेला नाही, असं मेट्रोत स्वतःला बजावत आलो. घरी तीनदा उकळली. बायकोने विचारलं, "पुरणयंत्राचीच ना?" मी म्हटलं, "मग काय!" होळीला नैवेद्य दाखवताना देवाकडे न बघताच ताटाभोवती पाणी फिरवलं.

हा कागद मी फाडूनच टाकणार आहे, बायकोच्या हाती लागला तर संपलंच. पण तुझ्यापासून काय लपवायचं? पुरण तुझ्या पुरणाहून मऊ झालं होतं.