परतवाड्याची पंगत

नांदगाव खंडेश्वर,
माघ वद्य पंचमी, शके १८५९

प्रिय शकुन,

तुला व गोवर्धनरावांना माझे मनःपूर्वक आशीर्वाद. आमची डोंगरयात्रा अखेर ठरली. येत्या होळीस आमची मंडळी मेळघाटात असेल, आणि मंडळीचे नायकपद एकमताने मजकडे आले आहे. एकमताने म्हणजे तुझी आई वगळून. तिला मत विचारलेच नव्हते, तरी तिने ते दिले.

मंडळी लहानच आहे. अमरावतीचे मोरोपंत वकील, अकोल्याचे हरिहर मास्तर, आपले शेजारी पंजाबराव आणि मी. मोरोपंतांना गाविलगडाच्या दरवाजांवरील कोरीव काम पाहावयाचे आहे. मास्तरांना कोरकू लोकांची फागाची गाणी ऐकून उतरवून घ्यावयाची आहेत. पंजाबरावांना काय पाहावयाचे आहे हे त्यांनाही ठाऊक नाही. वाघ सोडून काहीही चालेल, असे ते म्हणतात. तरुणपणी मी चिखलदऱ्याच्या बंगल्यांवर भाजी पोचवीत असे, त्यामुळे घाटाची वाट मला माहीत आहे. नायक निवडण्यास तेवढे कारण पुरेसे झाले.

बेत असा आहे. मूर्तिजापुरास मास्तर आम्हांस येऊन मिळतील व तेथून लहान आगगाडीने आम्ही एलिचपुरास उतरू. त्या गाडीच्या चालीविषयी पंजाबराव म्हणाले, "तिच्या बाजूनं पायी गेलो तं तिकीटबी वाचन, अन् वाटेत हरभराबी खायाले भेटन." ती रात्र लगतच्या परतवाड्यास तुमच्या घरी. दुसऱ्या दिवशी घाट चढून चिखलदरा, मग गाविलगड, आणि पुढे जंगलातून सेमाडोह. सिपना नदीच्या काठी होळी पाहावयाची. त्या दिवसांत कोरकू लोक मेघनाथाचा उंच खांब रोवतात आणि ढोल-बासरीवर नाचतात. त्यांच्यातील एका म्हाताऱ्याची व माझी भाजीच्या दिवसांतली ओळख आहे. तो हयात असल्यास जेवल्याशिवाय सोडणार नाही.

या जेवणावरूनच बैठकीत तंटा झाला. मोरोपंतांनी आपली चूल वेगळी, भांडी वेगळी आणि सोबत आचारी, अशी मागणी मांडली. मी उभा राहून नियम घालून दिला: या यात्रेत सर्वांनी एकाच पंगतीस बसावे, ज्याच्या दारी मुक्काम, त्याच्या हातचे अन्न घ्यावे, ज्यास हे मान्य नसेल त्याने घरी राहावे. मास्तरांनी टाळ्या वाजविल्या. मोरोपंत चष्मा पुसत म्हणाले, "मान्य. पण नायकसाहेब, पहिली पंगत परतवाड्याला, तुमच्या लेकीकडे. तिथे तुम्ही कुठे बसणार?"

लेकीस मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे अन्नपाणी घेऊ नये, हा आपल्या घरचा शिरस्ता. माझ्या वडिलांनी तो पाळला, मीही पाळीत आलो. तुझ्या लग्नापासून प्रत्येक खेपेस मी घरची शिदोरी घेऊन आलो आणि तुमच्या गल्लीच्या टोकाशी असलेल्या विहिरीचे पाणी प्यालो. मी मोरोपंतांस ठणकावून सांगितले की, नियम निराळा आणि शिरस्ता निराळा. ते म्हणाले, "वा! हा मुद्दा मला कोर्टातसुद्धा सुचला नसता." इतक्यात दाराआडून तुझी आई बोलली, "लेकीच्या घरचं पानी चालत नाई, पन जावयाचा तमाखू बरा चालते यायले!" पंजाबराव खोकला लागेपर्यंत हसले. मी बैठक बरखास्त केली.

दुसऱ्या दिवशी मोरोपंतांनी मला सवलत देऊ केली: परतवाडा पायथ्याशी आहे, डोंगर तेथून पुढे सुरू होतो, तेव्हा तेथे नियम लागू करू नये. ती सवलत मी घेतली नाही. गेल्या दिवाळीस मी तुझ्या ओसरीवर बसलो होतो. तू सवयीने पाण्याचा तांब्या भरून आणलास, मध्येच थबकलीस, आणि झेंडूस पाणी घालावयाचे असल्यासारखी अंगणात वळलीस. झेंडूचा वाफा सकाळचाच भिजलेला होता. माझ्यासारख्या माळ्याच्या नजरेतून असे सुटत नाही. त्यावेळी मला काही बोलता आले नाही, आणि समोर आल्यावर याही खेपेस येणार नाही, म्हणून हे पत्र लिहिले. मूल देणे देवाच्या हाती आहे. तोवर लेकीच्या हातचे पाणी अडवून ठेवणे मला यापुढे शोभत नाही. तरी माझा पाट गोवर्धनरावांच्या शेजारी मांडावा. वांग्याची भाजी कर, तिखटात हयगय करू नकोस. आणि एक लक्षात ठेव, जावयासमोर मी दुसऱ्यांदा मागणार नाही. न विचारताच वाढ.

तुझाच,
बाबा
(किसनराव)