हाताकडे बघून सांगायची गोष्ट

आई,

तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर मला आधी तंबाखूचा वास आठवावा लागतो. मग मागून आवाज येतो. हे पत्र कुठं पाठवायचं मला माहीत नाही, आणि तू होतीस तेव्हाही तुला वाचता येत नव्हतं. तरी लिहितेय. तिसरीतून काढून तू मला बिडीच्या कारखान्यात बसवलंस, तेवढ्या शिक्षणात जेवढं मावेल तेवढं मावेल. मी सध्या कॅलिफोर्नियात आहे, फ्रीमाँट नावाच्या गावात, तुझ्या नातवाच्या घरी. व्हिसा सहा महिन्यांचा. घराला टाउनहाउस म्हणतात. शेजाऱ्याच्या भिंतीला आपली भिंत, पण पलीकडून खोकल्याचासुद्धा आवाज येत नाही. फोडणी घातली की छताला लावलेलं यंत्र बोंबलायला लागतं, मग मी खुर्चीवर चढून त्याला टॉवेलनं वारा घालते. आल्यापासून घरात आरडाओरडा काय तो एवढाच होता. मग माणसांचा सुरू झाला, आणि तो झाला एका गोष्टीवरून. म्हणून तुझी आठवण झाली. गोष्टीवरून भांडण कसं होतं हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू.

तुझी नातसून शिकलेली आहे. पुण्यात चांगली नोकरी करत होती. इथं तिच्या व्हिसावर नोकरी चालत नाही, आणि तिला गाडी येत नाही. गाडी येत नाही म्हणजे इथं पाय नसल्यासारखंच. भाजी आणायला गाडी, देवळात जायला गाडी. तुझा नातू सकाळी निघतो तो संध्याकाळी येतो, आणि गाडी शिकव म्हटलं की म्हणतो, नेक्स्ट वीकेंड. लग्नाला दोन वर्षं झाली, तो वीकेंड काही आला नाही. मग ही बसून लिहायला लागली. मराठीत, हातानं, नवऱ्याच्या ऑफिसच्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर. शनिवारी दुपारी अजून चारपाच लिहिणारी माणसं घरी जमतात. त्यांच्यात एक काका आहेत, रिटायर झालेले डॉक्टर, बाकी सगळी कॉम्प्युटरवाली पोरंपोरी. एकेक जण वाचतो, बाकीचे म्हणतात खूप छान. मी पोहे देते आणि चहा देते. सगळंच छान कसं असेल, असं माझ्या तोंडावर येतं, पण पाहुणी म्हणून गिळते.

एका शनिवारी हिनं आपली गोष्ट वाचली. मी पोह्यांच्या बश्या घेऊन उभी होते आणि माझी नजर आपोआप गेली ती लोकांच्या हातांवर. ती सवय तुझी. कारखान्यात तुम्ही बायका ओळीनं बसायच्या, प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि ओली पानं. मी तुझ्या पाठीला टेकून मापाचा पत्र्याचा फर्मा ठेवून पानं कापते आहे. तू बिड्या वळतावळता गोष्ट सांगते आहेस, कालच्या ठिकाणापासून पुढं. तू मला म्हणाली होतीस, तोंडाकडे बघू नकोस, तोंड भिडेखातर हसतं. हाताकडे बघ. गोष्ट लागली असेल तर बाईचे हात आपले आपण वळत राहतात, तिला खाली बघावंच लागत नाही. आणि जिथं गोष्ट खोटी पडते तिथं बाई खाली सुपात बघते. मग समज, इथं दोरा सुटला.

तर त्या शनिवारी गोष्टीतला नवरा बोलायला लागला की सगळे बशीत बघत होते. शेंगदाणे वेचून खात होते. बायको एकटी खिडकीशी बसते तिथं कुणाचा चमचा हलला नाही, पण नवरा आला की लगेच चमचे वाजायचे. वाचून झालं. नागपूरची एक पोरगी म्हणाली, "मस्त यार, एकदम रिअल." काकांनी तेवढ्यावर भागवलं नाही. ते म्हणाले, "पहिली दोन पानं काढून टाक. विमान, विमानतळ, बॅगा, कुणाला पाहिजे? बायको गाडीच्या चावीकडे बघते तिथून सुरू कर." बरोबर बोलले ते. मला हे सुचलं नव्हतं, मी ती पानं ऐकतच नव्हते. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर वाचायला हीच गोष्ट द्यायची असंही तिथंच ठरलं.

लेक जिन्यात उभा राहून ऐकत होता हे मला पाहुणे गेल्यावर कळलं.

"ही स्टोरी तू मंडळात वाचणार?"

"हो. का?"

"का म्हणजे? लोकांना वाटेल मी तुला घरात कोंडून ठेवलंय."

"तुझं नाव आहे का त्यात?"

"नाव कशाला लागतं? टाउनहाउस, सिल्व्हर गाडी, नेक्स्ट वीकेंड. आंधळ्यालाही कळेल. कॅन्सल कर."

"मग शिकव ना गाडी. शिकव, मी कॅन्सल करते."

तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, तू सांग हिला." आणि तीही माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तुम्हीच सांगा ह्याला." दोघांची आई मीच, आणि माझ्या हातात उष्ट्या बश्या. मी म्हटलं, "आधी या विसळू द्या." पळून गेले म्हण. मोरीत पाणी सोडलं, पण कान मागेच होते. ती म्हणाली, "नाही वाचत. लिहीतच नाही यापुढे, झालं?" आणि ते सगळे कागद तिनं रद्दीच्या निळ्या डब्यात टाकले.

लेक सोमवारी ऑफिसला गेल्यावर मी ते डब्यातून काढले. वर कुणीतरी दुधाचा रिकामा खोका टाकलेला, कडा ओल्या झालेल्या. ती टीव्हीपुढे बसली होती, टीव्ही बंद. मी कागद तिच्या मांडीवर टाकले. "एकानं नाक मुरडलं म्हणून फेकून देतेस, तर लिहायला बसलीस कशाला?"

"एकानं नाही, नवऱ्यानं." मग जरा वेळानं विचारलं, "तुम्हाला कशी वाटली? खरं सांगा."

"कच्ची आहे."

तिचं तोंड उतरलं. उतरू दे. छान म्हणणारे तिला शनिवारी भेटतात. मी विचारलं, "त्या नवऱ्याचं दुखतं कुठं?"

"त्याचं काहीच दुखत नाही, आई. तोच तर प्रॉब्लेम आहे."

हा प्रश्न तुझा आहे. आठवतं? आपल्या कारखान्यात तो मुकादम होता, वळलेल्या बिड्या तपासायला यायचा आणि मूठभर खराब म्हणून बाजूला काढायचा, त्यांचे पैसे कापायचा. त्याच्यावर सगळ्या खार खाऊन असायच्या. मी पोरींना त्याची गोष्ट करून सांगितली, त्याला राक्षस केला, शिंगं लावली, शेवटी विहिरीत ढकलला. पोरी हसल्या. तू ऐकलंस आणि सगळ्यांसमोर माझ्या पाठीत धपाटा घातलास. म्हणालीस, "वाईट माणूस कुणीही सांगेल. त्याचं दुखतं कुठं ते सांग." मग तू स्वतः सांगायला बसलीस. राजाचा एक पारखी, सगळ्यांच्या मोत्यांत खोट काढणारा. पण तू त्याला दाढदुखी दिलीस. गालात लवंग धरून बोलणारा पारखी. आपला मुकादमही लवंग धरायचा, सगळ्यांना माहीत होतं. तो तुझ्या पाठीमागं येऊन उभा राहिला. तू थांबली नाहीस. त्याला ओळखू आलं असणारच, पण काय म्हणून धरणार? दुसऱ्या दिवशी बिड्या तपासतातपासता तो हळूच म्हणाला, "काय गं, त्याच्या दाढेचं पुढं काय झालं?"

आता ऐक. तुझ्या नातवाचं दुखतं कुठं ते मला माहीत होतं. ती दोन वर्षं त्याच्या शेजारच्या सीटवर बसली, पण तिला तो तापट वाटतो. मी मागे बसते, मला त्याची मान दिसते. फ्रीवे म्हणून मोठा रस्ता आहे, सगळ्या गाड्या नुसत्या सुसाट. त्याच्यावर चढायच्या आधी हा रेडिओ बंद करतो. कुणी बोललेलं खपत नाही. मान ताठ होते, आरशात ओठ हलताना दिसतात, आणि चढून झालं की तळवे पँटला पुसतो. हे पोर लहानपणी सायकलला घाबरायचं. घाबरतो असं म्हणायचं नाही, उद्या म्हणायचं. उद्या शिकतो, उद्या बसतो. अख्खा उन्हाळा त्यानं उद्यावर काढला. नेक्स्ट वीकेंड म्हणजे तोच उद्या आहे. ज्याची स्वतःची छाती धडधडते तो बायकोला काय शिकवणार.

हे तिला सांगायचं की नाही? मी भिंतीला टेकून उभी राहिले. सांगितलं तर गोष्ट उभी राहील, हे मला कळत होतं. पण पुरुषाला वाईट म्हटलेलं चालतं, आई. वाईट म्हटलं तर तो मिशीवर हात फिरवतो. घाबरट म्हटलेलं चालत नाही. माझ्याच पोटच्या पोराचं, त्यानं कुणाला न दाखवलेलं, मी उचलून चारचौघांसमोर ठेवायला देणार होते. तू मुकादमाची दाढ घेतलीस, तो तुझा कुणी नव्हता. न सांगावं तर ही पोरगी ते कागद पुन्हा डब्यात टाकणार आणि बंद टीव्हीपुढे बसणार. मी निघून गेल्यावर तिच्याशी मराठीत बोलायलाही दिवसभर कुणी नाही. तिला लिहिण्यावाचून दुसरं काय आहे इथं.

सांगितलं. रेडिओ, तळवे, सायकल, सगळं.

तिनं मांडीवरचे ओले कागद एकेक करून सुटे केले. मग म्हणाली, "मला वाटायचं माझ्या बोलण्याचा वैताग येतो म्हणून रेडिओपण बंद करतो." आणि पेन शोधायला उठली.

पुढचे दिवस आमच्या घरात कारखाना झाला. मी भेंडी चिरायची, ती वाचायची, आणि जिथं माझी नजर भेंडीकडे जाईल तिथं ती खूण करायची. एकदा मुद्दाम भेंडी लपवून ठेवली पोरीनं. मी म्हटलं, "मग ऐकू कशी?" तिनं लिहिलं होतं, बायकोला फार एकटं वाटलं. मी म्हटलं, "वाटलं ते राहू दे, ती करते काय?" तर तिनं लिहिलं, नवरा झोपल्यावर ती गॅरेजमध्ये जाऊन उभ्या गाडीत बसते, पट्टा लावते, आरसा नीट करते आणि परत येते. हे माझ्या सांगण्यातलं नव्हतं. हे तिचं तिनं काढलं. मी सुरी खाली ठेवली. खरंच असं करतेस का, हे विचारलं नाही. विचारायचं नसतं.

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. लेक आला. "वाच काय वाचायचं ते," एवढंच म्हणाला होता. माझ्या शेजारी बसला, हातात गाडीची चावी, ती बोटावर फिरवत. ती उभी राहिली. चावीपासून सुरुवात केली, काकांनी सांगितलं तशी. नेक्स्ट वीकेंड आलं, दोघंचौघं हसले, यानं चावी जोरात फिरवली. मग रेडिओ आला. मी तिच्याकडे बघितलं नाही, याच्याही तोंडाकडे बघितलं नाही. चावी फिरायची थांबली. तळवे पुसायचं वाक्य आलं आणि याचा हात गुडघ्यावर होता तो त्यानं उचलला, कुठं ठेवावा ते न कळून तसाच धरून बसला. उठून जाईल म्हणून मी वाट बघत होते. मागच्या रांगेतला कुणीतरी हलकेच म्हणाला, "माझं पण असंच होतं यार." हा उठला नाही.

घरी जाताना गाडीत रेडिओवर एक हिंदी गाणं लागलेलं. फ्रीवेचा चढ आला. याचा हात बटणापाशी गेला, तिथंच थांबला, आणि परत स्टीअरिंगवर आला. गाणं चालू. ओठ हलत होते. आम्ही चढलो.

चढल्यावर म्हणाला, "आई, तू सांगितलंस हे तिला."

"हो."

त्यानंतर तो माझ्याशी तीन दिवस बोलला नाही. मी वाढलेलं जेवायचा, ताट उचलायचा, पण शब्द नाही. मी चूक केली का? एका क्षणी वाटायचं हो, दुसऱ्या क्षणी तिला पुढची गोष्ट लिहिताना बघून वाटायचं नाही. अजूनही ठरत नाही. चौथ्या दिवशी जेवताना पोळीचा तुकडा मोडत तो तिला म्हणाला, "मला नाही जमणार शिकवायला. मला भीती वाटते. क्लास लाव." ती म्हणाली, "लावते." आणि मला म्हणाला, "आई, वरण दे."

परवा पहिल्यांदा क्लासची गाडी दारात आली. ती गेली आणि हा खिडकीत उभा राहिला, कोपऱ्यावर वळेपर्यंत.

हे मी तुला वाचून दाखवलं असतं तर एका ठिकाणी तू खाली सुपात बघितलं असतंस. कुठं ते मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते. मला भीती वाटते, असं तो म्हणाला नाही. क्लास लाव, एवढंच म्हणाला. मधलं मी घातलं. त्यानं म्हणावं असं मला फार वाटत होतं.