आडभिंतीवरच्या विटा

मी, सोजराबाई पुंजाजी चोपडे, वय बहात्तर, राहणार पिंपळगाव राजा, तालुका खामगाव, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी अक्कल ठिकाणावर आहे. ज्यांची नाही ते माझे दोन मुलगे, रंगराव आणि निवृत्ती, त्यांचे पुढे येईलच. मी नशापाणी केलेले नाही, कोणी मला धाक दाखवलेला नाही. दाखवून पाहावा.

१. घर. हे टिनाचे घर माझ्या पतीने माझ्या नावावर केले, ग्रामपंचायतीत तशी नोंद आहे. बांधताना स्वयंपाकघर आणि मधली खोली यांच्यातली आडभिंत मी मुद्दाम माणसाच्या डोक्याइतकीच ठेवायला लावली. वर टिनापर्यंत मोकळे. इकडे चुलीत कपाशीची वाळकी पऱ्हाटी पेटली की ऊब वर चढते, टिनाखालून पलीकडे जाते, आणि चुलीमागची मातीची भिंत पहाटेपर्यंत कोमट राहते. पुंजाजी आल्यागेल्याला सांगायचे, "चूल एकच हाय, पण साऱ्या घराले पुरते." पौष-माघात आमच्या घरी कोणी कुडकुडले नाही.

मग बोंडअळीचे वर्ष आले. बीटी बियाण्याची पाकिटे रंगरावाने पसंत केली होती, वरचे टपोऱ्या बोंडाचे चित्र पाहून. अळी दोघांच्याही वावरात निघाली. अळीला कोणी काही बोलले नाही, हे दोघे एकमेकांना बोलले. चुली वेगळ्या झाल्या. होतात, त्याचे मला काही नाही. पण मधली खोली निवृत्तीच्या आणि जुनी चूल रंगरावाच्या वाट्याला गेली, आणि या शहाण्याने आडभिंतीवर विटा चढवून ती थेट टिनाला भिडवली. म्हणे, "माह्या पऱ्हाटीची ऊब त्याहीले फुकट काऊन?" निवृत्तीही काही कमी नाही. "मले नोको त्याची ऊब," असे म्हणत त्याने स्वतः गवंड्याला खालून विटा पुरवल्या. जन्मात दोघांनी एकदिलाने केलेले काम तेवढेच.

आता रंगरावाकडे धूर कोंडतो आणि सगळे खोकतात. निवृत्तीकडे सगळे गारठतात. त्याने गॅस घेतला, पण गॅसवर चहा होतो, खोली तापत नाही. मग खामगावहून हिटर आणला. तो लावला की फ्यूज जातो. त्याच हिवाळ्यात त्याची बायको पूनम माहेराहून तान्ही पोर घेऊन आली. एका सकाळी पोरीचे ओठ निळे पडले. दवाखान्यात नेली, मरता मरता वाचली. दोघे भाऊ दवाखान्याच्या पायरीवर रडले आणि घरी येऊन भिंत तशीच ठेवली. थू असल्या रडण्यावर. येत्या पौषात पूनमचे दुसरे बाळंतपण इथेच आहे. मला माझ्या मरणाची भीती नाही, त्या लेकराची आहे.

सबब माझ्या पश्चात हे घर माझ्या दोन्ही सुना, अन्नपूर्णाबाई व पूनम, यांना सामाईक मिळावे. आडभिंत पुन्हा डोक्याच्या वर जाऊ नये.

२. घमेले आणि चिमटा अन्नपूर्णाबाईला. ती रंगरावाची बायको, हे तिचे नशीब. नवऱ्याची पाठ वळली की घमेल्यात निखारे भरून, अंगणातून फिरून, पूनमच्या खाटेजवळ ठेवून यायची. त्याने विचारले की म्हणायची, "राख टाकाले गेलती." खोटे बोलावे तर असे.

३. फुंकणी रंगरावाला. तोंडची हवा एकदा तरी कामी यावी.

४. हिटर माझा नाही, निवृत्तीचा आहे. तरी सांगून ठेवते, माझ्या तेरवीला तो लावू नये. जेवणाऱ्यांना अंधारात बसावे लागेल.

५. गळ्यातली सोन्याची पोत नातीला, पूनमच्या पोरीला.

६. रहेमतुल्ला गवंडी. विटा यानेच चढवल्या, म्हणून त्यालाही मी सोडले नाही. म्हटले, "भाऊ, तुमाले तरी समजाले पाह्यजे होतं." तर म्हणतो, "चाची, दोघं भाऊ एका सुरात बोलले ना, मले वाटलं समेट झाला!" यावर मला हसू आले, पण मी ते दाखवले नाही.

मृत्युपत्र मेल्यावर लागू होते म्हणतात. मी कधी मरेन माहीत नाही, पौष मात्र वेळेवर येतो. म्हणून रहेमतुल्लाला आजच शिडी घेऊन बोलावले. घर माझे, भिंत माझी. हे लिहीत असताना वरच्या विटा उतरत आहेत आणि चूल पेटलेली आहे. आत्ताच पूनम पलीकडून ओरडली, "आत्याबाई, इकडं गरम येऊन राह्यलं वो!" मला रडू आले. येऊ द्या.

रंगराव दारात उभा राहून विचारतो आहे, "विटा कोनाच्या?" निवृत्तीही कान देऊन उभा आहे. म्हणून आणखी एक कलम घालते.

७. उतरलेल्या सर्व विटा रंगराव आणि निवृत्ती यांना समसमान वाटून द्याव्यात. एखादी जास्त निघाली तर फोडून अर्धी अर्धी द्यावी. वरील फुंकणी सोडली तर माझ्या मिळकतीत या दोघांचा हिस्सा एवढाच.

वाचून पाहिले, बरोबर आहे, सही करते.

सोजराबाई पुंजाजी चोपडे

साक्षीदार, माझ्यासमक्ष सही करणार:
१. रहेमतुल्ला, गवंडी (हात मातीचे असल्याने कागद मळला आहे)
२. वच्छलाबाई, शेजारीण (शिडी धरून होती, ती सोडून आली)

ठिकाण: पिंपळगाव राजा, चुलीपुढे
दिनांक: २ डिसेंबर २०१९