तिला ते गाव आवडू नये म्हणून

मंगळवार, १८ नोव्हेंबर

शनिवारी लग्नाचा बाविसावा वाढदिवस. हिला जुन्या बाजारपेठेच्या गावी एक दिवसाच्या ट्रिपला न्यायचं ठरवलं. सांगितलं तेव्हा ही आधी माझ्याकडे, मग कॅलेंडरकडे बघत राहिली. भारावली असणार.

खरं कारण फक्त इथे लिहितो. त्याच गावच्या संग्रहालयाने हिला मुख्य ग्रंथपालाची नोकरी देऊ केली आहे. गाव नव्वद किलोमीटरवर, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस तिथेच खोली घेऊन राहायचं. होकार की नकार ते शनिवारी पाचच्या आत लेखी द्यायचं आहे. मी जाऊ नकोस म्हणणार नाही. मी त्यातला नवरा नाही. गाव किती गैरसोयीचं आहे ते तिचं तिलाच दिसावं, एवढी फक्त व्यवस्था करीन. एकोणीस वर्षं लोकांना गाडी शिकवतोय. शिकणाऱ्याला कळू न देता आपल्या बाजूचा ब्रेक कसा दाबायचा, हे मला कुणी सांगायला नको.

गुरुवार, २० नोव्हेंबर

प्लॅन तयार. हायवे सोडून खडीच्या रस्त्याने जायचं. शनिवारी तिथे आठवडी बाजार, म्हणजे गर्दी चिक्कार. पार्किंग सगळ्यात लांबचं, तिथून एकशे दहा पायऱ्या. जेवायला असं हॉटेल शोधलंय, ज्याला इंटरनेटवर एकही माणूस बरं म्हणत नाही. दुपारपर्यंत ही स्वतःच म्हणेल, चला घरी.

निश्चय: दिवसभर हसतमुख राहायचं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर, संध्याकाळ

ही टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होती. मी आलो तसा कागद पर्समध्ये गेला. होकारच असणार. छातीत धस्स झालं. ॲसिडिटी.

शनिवार, २२ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

खडीचा रस्ता नव्याने केलाय. गुळगुळीत. एवढी कुणाला घाई झाली होती कळत नाही. वाटेत तळं लागलं. हिने गाडी थांबवायला लावली आणि पाण्याकडे बघत उभी राहिली. उशीर होतोय असं मी दोनदा सांगितलं.

१०.३०

पायऱ्या. साठाव्या पायरीवर माझा गुडघा बोलायला लागला. ही वर पोचून माझी पिशवी घ्यायला परत खाली आली. म्हणाली, कमानींखालची दुकानं तीनशे वर्षांची आहेत, एकेका धंद्याची एकेक गल्ली. दोरवाल्यांची, घंटावाल्यांची, तराजूवाल्यांची. तुला कसं माहीत, विचारलं. म्हणाली, वाचून. ग्रंथपाल बाईशी लग्न केलं की हे ऐकावं लागतं.

दुपारी १.१०

हॉटेलचा मालक बदललाय. जेवण उत्कृष्ट. मी रागारागाने दोनदा भात घेतला.

१.५०

शेवटचा उपाय. ही एका दुकानात घंटा वाजवून बघत होती, तेवढ्यात मी समोरच्या म्हाताऱ्या तराजूवाल्याला गाठलं. म्हटलं, आमची मंडळी आली की बोलता बोलता सहज सांगा, इथे पाणी चार दिवसांनी येतं, बाईमाणसाला एकटीला खोली मिळत नाही, आणि संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. त्याने मान डोलावली. माणूस समजूतदार वाटला.

२.२०

ही आली. म्हाताऱ्याने पारडं पुसत तिला सांगितलं की साहेबांनी तुम्हाला असं असं सांगायला सांगितलंय. सगळं सांगितलं, क्रमाने, एकही मुद्दा न गाळता. मग म्हणाला, पाणी रोज येतं, बाजार नऊपर्यंत उघडा असतो आणि आमच्याच माडीवर खोली रिकामी आहे, हवी तर बघून घ्या.

 हिने माझ्याकडे बघितलं नाही. खोली बघायला वर गेली. मी खाली उभा. हाताला घाम सुटला होता, लायसन्सच्या परीक्षेला बसलेल्यांना सुटतो तसा. म्हाताऱ्याने मला स्टूल दिलं. बसलो नाही.

४.२०

मला बाहेर थांबायला सांगून ही संग्रहालयाच्या ऑफिसात गेली. पाच मिनिटांत बाहेर. चेहरा शांत. नकार दिला असणार. खोलीला खिडकी नसेल.

संध्याकाळी ७.३०, घरी

वाटेत एक शब्द नाही. गप्प आहे म्हणजे पटलंय. एकंदरीत ट्रिप यशस्वी.

रविवार, २३ नोव्हेंबर, सकाळ

चहा घेताना हिने सांगितलं. शुक्रवारी लिहिलेला कागद नकाराचा होता. तो द्यायचा आणि गाव एकदा डोळे भरून बघून यायचं, एवढंच तिच्या मनात होतं. तो तिने त्या माडीवर फाडला. ऑफिसात बसून दुसरा लिहिला, दोन ओळींचा, होकाराचा.

पहिल्यात कारण काय लिहिलं होतंस, मी विचारलं. म्हणाली, माझ्या यजमानांना माझ्याशिवाय करमत नाही. मी म्हटलं, असं मी कधी म्हणालो? म्हणाली, तेच तर. बावीस वर्षांत एकदाही नाही, मीच धरून चालले होते. काल त्या म्हाताऱ्याला एवढं सगळं शिकवलंत, त्याऐवजी मला तेवढं एक म्हणाला असतात, तर मी पहिलाच कागद देऊन आले असते.

सगळं तिच्या सोयीसाठीच होतं, असा मी खुलासा केला. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग कप उचलून आत गेली.

निश्चय: ती जायच्या आत एकदा बोलायचं. आठ दिवस आहेत. भरपूर झाले.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आज बोलणार होतो. शेजारी शिडी मागायला आले. शिवाय अशा गोष्टी घाईत बोलू नयेत.

रविवार, ३० नोव्हेंबर

हिची बॅग भरून झाली. मी चेन लावून दिली. उद्या स्टँडवर नक्की.

सोमवार, १ डिसेंबर, सकाळी ७.१०

हिला बसमध्ये बसवून आलो. खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभा होतो. करमणार नाही, एवढे दोनच शब्द होते, पाठ केलेले. मला खरंच करमणार नाही. बस सुरू झाली तेव्हा हिने काच सरकवली, वाकून विचारलं, काही म्हणताय का?

मी म्हटलं, सीटबेल्ट लाव.

ती बरं म्हणाली. त्या बसला सीटबेल्ट नाहीत.