सातूच्या रानातल्या सात कालवडी

प्रिय फिनोला,

पत्र माझ्या हातचं बघून तुला आईच्या तब्येतीची काळजी वाटेल, म्हणून आधीच सांगतो, ती ठणठणीत आहे. मीही बरा आहे. गुडघा सोडला तर तक्रार नाही. काल फोनवर बोलावं म्हणून तीनदा तुझा नंबर लावला आणि तिन्ही वेळा वाजायच्या आत बंद केला. तोंडानं जमणार नाही, म्हणून लिहितोय.

इकडे सातू निघाला. यंदा पंधरा जुलैलाच कापणी झाली आणि फेस्टसनं आठवड्याच्या आत धसकटं उकरून सलगम आणि चाऱ्याची मोहरी पेरलीसुद्धा. होय, तुझ्या चाऱ्याला हसणारा तोच फेस्टस! आता अख्ख्या कार्लो जिल्ह्यात जो तो सातूमागे हिवाळ्याचा चारा पेरतो. पहिल्यांदा तू म्हणालीस तेव्हा मीच हसलो होतो. तू कृषी कॉलेजातून नुकती आली होतीस, जेवणाच्या टेबलावर कागद पसरून म्हणालीस, "बाबा, ऑगस्ट ते मार्च रान नुसतं बसून राहतं. त्यात चारा घेतला तर हिवाळ्यासाठी साठवलेला मूरघास निम्माच लागेल." मी म्हणालो, "रानालाही विसावा लागतो गं." तू म्हणालीस, "रान नाही थकत बाबा, तुम्ही थकता." आई इतकी हसली की चहा सांडला. मीही हसलो, पण ते कुठेतरी लागलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तरी त्या वर्षी पेरलं, आणि पीक काय आलं होतं! नोव्हेंबरात गुडघ्याएवढं, काळंभोर हिरवं. तू शेडच्या दारावर नियम लिहून लावलेस. आधी पोटभर सुकं गवत, मगच रानात. रोज दोन तास. विजेच्या झटक्याची तार रोज थोडीच पुढे. आणि पानांवर हिम असेल तर ते वितळेपर्यंत दार उघडायचं नाही. तीन आठवडे आपण दोघांनी तसंच केलं. कालवडी नुसत्या चमकायला लागल्या होत्या.

मग तुझ्या मैत्रिणीचं गॉलवेला लग्न निघालं. गुरुवारी तू गेलीस आणि त्याच दिवशी मी गुरांच्या बाजारात गेलो. कठड्याला रेलून दहा-बारा जण उभे होते. फेस्टस सगळ्यांदेखत म्हणाला, "काय कोल्मन, पोरीनं गुरांना दोन तासांची शाळा लावलीय म्हणे? घंटा कोण वाजवतं, ती की तू?" दुसरा कुणी म्हणाला, "अरे, हा पहिल्या बाकावर बसतो!" सगळे खो खो हसले. मीही हसल्यासारखं केलं. घरी येईपर्यंत मात्र कान तापले होते. चाळीस वर्षं गुरं सांभाळलेला माणूस, आणि दारावरची पाटी वाचून दार उघडतो.

त्या लोकांवर मी काही ढकलत नाही. ते हसले एवढंच. पुढचं सगळं मी केलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी कालवडींना गवत टाकलंच नाही. म्हटलं, रिकाम्या पोटी गेल्या तर रान चटकन साफ करतील, आणि रविवारी तू परत येशील तेव्हा दाखवता येईल की तुझ्या पाटीशिवायही चालतं. शनिवारी सकाळी आठला मी दार उघडलं. पानं हिमानं पांढरी होती, बुटांखाली करकर वाजत होती. पाटी माझ्या डोळ्यांसमोर होती. मी तार गुंडाळून ठेवली आणि एकोणीसच्या एकोणीस कालवडी अख्ख्या रानात सोडल्या. त्या तुटून पडल्या. मी घरी येऊन न्याहारी केली, पेपर वाचला. मनातून खूश होतो, फिनोला.

अकराच्या सुमाराला गेलो तेव्हा चार आडव्या पडल्या होत्या. बाकीच्या झिंगल्यासारख्या चालत होत्या, तोंडं उघडी, श्वास लागलेला. जनावरांच्या डॉक्टर टीर्ननबाईंना फोन करायला हवा होता, फोन खिशातच होता. मी तो काढला नाही. मी आधी उरलेल्या कालवडी हाकलून रानाबाहेर काढल्या. तेवढं करून तरी फोन करायला हवा होता. पण मी खांब उचलले आणि तू आखलेल्या जागी परत रोवले, तार ओढली, दोन तासांच्या चराईएवढाच पट्टा दिसेल अशी. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील त्यात. तार ओढत होतो तेव्हा आणखी तीन कोसळल्या. त्यातली एक तू बाटलीनं दूध पाजून वाढवलेली, पांढऱ्या कपाळाची. ती माझ्यापासून चार पावलांवर पडली. मी खांब सोडला नाही.

टीर्ननबाई फोन केल्यावर पंधरा मिनिटांत आल्या, तोवर पडलेल्या सातही संपल्या होत्या. सुई टोचली तर रक्त चॉकलेटसारखं तपकिरी. त्यांनी उरलेल्या बारा जणींना निळं इंजेक्शन दिलं आणि त्या वाचल्या. मग त्यांनी विचारलं, "उपाशी सोडल्या होत्या का? हिमात? तसा हा चारा भसाभस पोटात गेला की बाधतो." मी म्हणालो, "नाही. पोरीनं सांगितलं तसंच केलं, अगदी तस्संच." त्यांनी तारेकडे पाहिलं आणि मान हलवली. "मग खत जास्त पडलं असणार. थंडीत ते पानांत साठतं आणि विष होतं. खताचा हिशोब कुणी केला होता?" मी तुझं नाव सांगितलं.

रविवारी तू लग्नातल्याच कपड्यांत रानात गेलीस. नंतर टेबलावर बसून खताचं गणित तू पाच-सहा वेळा मांडलंस. ते बरोबरच येत होतं, कारण ते बरोबरच होतं. शेवटी पेन ठेवून म्हणालीस, "बाबा, माझंच कुठंतरी चुकलं असणार. मला माफ करा." आणि मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "होतं असं, पोरी." त्या सात कालवडींपेक्षा ते तीन शब्द मला जास्त छळतात. मी तुला माफ केलं, फिनोला! मी! मार्चमध्ये तू न्यूझीलंडला दुसऱ्यांच्या गाई पिळायला निघालीस, तेव्हा विमानतळावरही बोलता आलं असतं. मी तुझी बॅग उचलून दिली आणि हवेबद्दल बोललो.

सहा वर्षं मी स्वतःला समजावत राहिलो की तू तिकडे सुखात आहेस, आता उकरून काय मिळणार. मंगळवारी आईनं तुझं पत्र मला वाचून दाखवलं. मालक चारशे गाईंचा अख्खा गोठा तुझ्या हवाली करायला तयार आहेत आणि तू नाही म्हणालीस. "माझ्या हातून एकदा सात जनावरं गेलीत, दुसऱ्यांच्या गाईंची जोखीम मी घेणार नाही," हे वाक्य आईनं वाचलं आणि मला खुर्चीत बसवेना. मी तिथंच तिला सगळं सांगितलं. तेव्हापासून ती तुझ्या खोलीत झोपते. काल मी टीर्ननबाईंकडे गेलो, त्यांनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "कोल्मन, वेळेवर फोन केला असतात तर मी त्यातल्या तीन तरी उठवल्या असत्या," आणि मग खरं काय घडलं ते त्यांनी त्यांच्या सहीनिशी लिहून दिलं. तो कागद सोबत आहे. मालक या महिनाअखेरपर्यंत थांबणार आहेत असं तू लिहिलंयस आणि टपालाला तितका वेळ नाही, म्हणून पत्र आणि कागद दोन्हीचे फोटो आई आजच तुझ्या फोनवर पाठवेल. तुझ्या हातून एकही जनावर गेलेलं नाही. मला माफ कर असं मी म्हणणार नाही, तो शब्द मी एकदा वापरून नासवलाय. उत्तर देऊ नकोस हवं तर, पुन्हा या घराची पायरी चढू नकोस. पण हे वाचून झालं की ऊठ, मालकांकडे जा आणि तो गोठा घे.

तुझ्यापुढं मान वर करायची लायकी न उरलेला, तरीही तुझाच बाप,
कोल्मन