सकाळची कॉफी कोण देणार?

बाळ्या,

काल जेवताना तू बायकोला विचारलंस, "तू नोकरीला गेलीस तर सकाळची कॉफी मला कोण देणार?" उत्तर मी देते. तुझी तू करून घ्यायची.

पाणी खळखळलं की गॅस बंद कर आणि जरा दम धर. उकळतं ओतलंस तर कॉफी कडू होते. फिल्टरमध्ये पावडर दोन चमचे, दाबून भरू नकोस. पाणी हळूहळू ओत आणि सगळी कॉफी खाली उतरेपर्यंत हात लावू नकोस. दूध वेगळं तापव. पहिल्यांदा बिघडेल. बिघडलेली पी, काही होत नाही.

सूनबाई दवाखान्यात रुजू व्हायला निघाली आहे. तिला सोडायला मीच चालले आहे, म्हणजे वाटेत तिचा विचार बदलायला नको.

मला शाळेत नोकरी लागली तेव्हा तुझ्या बाबांनीही हेच विचारलं होतं. मी घरी राहिले. माझ्या कॉफीचं अजून सगळे कौतुक करतात.

तिला आज फोन करू नकोस, पहिला दिवस आहे तिचा. भांडायचंच असेल तर मी दुपारी घरी आहे.

आई