चौथा रकाना

१६ जानेवारी, सोमवार
नगरपालिकेत नवा फॉर्म आला. हितसंबंध जाहीर करा! दरवर्षी येतोच. आजवर तीन रकाने होते – रक्ताचं नातं, लग्नाचं नातं, धंद्यातली भागी. यंदा चौथा निघालाय. बाप्तिस्म्यातून जोडलेलं धर्माचं नातं. राजधानीत ज्याने हा रकाना घातला त्याने आमचं गाव पाहिलेलं दिसत नाही. इथे जो तो एकमेकांच्या पोरांचा धर्मपिता. आमचे नगराध्यक्ष एलीसेओ, त्यांना सत्तेचाळीस धर्मलेकरं! म्हणतात, "कुणी मूल पुढे केलं की नाही म्हणता येत नाही हो. पाप लागतं."

दुपारी सगळ्यांनी चौथ्या रकान्यात 'निरंक' लिहिलं, हसत हसत. मी फॉर्म पर्समध्ये टाकून घरी आले. पाय सुजलेत.

१८ जानेवारी
नऊ शाळांच्या न्याहारीची निविदा. अर्ज दोनच – फेलिसाची भट्टी आणि शहरातली पुड्याची बिस्किटं विकणारी कंपनी. फेलिसाचा भाव कमी, पाव ताजा. शेवटची सही माझी. आणि सही करणाऱ्याच्या नात्यातल्याला निविदा भरता येत नाही.

फेलिसाच्या मुलाची मी धर्ममाता. म्हणजे ती माझी कोमाद्रे. एकतीस वर्षं झाली.

२० जानेवारी
ऑफिसच्या वकिलाला, रामिरोला, विचारलं.

"एदेलबाई, बाप्तिस्म्याचा दाखला आहे?" नाही. "चर्चच्या वहीत नोंद?" नाही. "मुलाचा जन्मदाखला तरी?" तोही नाही. "मग हे मूल झालंच नाही! निरंक लिहा आणि सुखाने झोपा."

चांगला आहे बिचारा, माझ्या भल्याचंच सांगत होता. पण झालंच नाही म्हणे!

झालं होतं. नदीला पूर, पाद्री पलीकडच्या काठावर अडकलेला, पोर निळं पडत चाललेलं. अशा वेळी जो जवळ असेल त्याने डोक्यावर पाणी घालून नाव ठेवायचं, ही आमची रीत. मी जवळ होते. चहाच्या कपाने पाणी घातलं. नाव ठरलेलं नव्हतं. कॅलेंडरात त्या दिवशी जो संत होता त्याचंच ठेवलं – इल्देफोन्सो. संध्याकाळपर्यंत होता. तेव्हापासून फेलिसा मला कोमाद्रे म्हणते. त्याचं नाव मात्र आम्ही दोघींनी पुन्हा कधी काढलं नाही.

२३ जानेवारी
फॉर्म दिला. चौथ्या रकान्यात लिहिलं – इल्देफोन्सो हुरादो, आई फेलिसा हुरादो, धर्ममाता मी.

मी काही संत नाही. ऑफिसचे कोरे कागद मीही घरी आणलेत, नातवंडांना चित्रं काढायला. पण त्या पोराला मी निरंक लिहू? नाही जमलं. फार दमले आहे.

२५ जानेवारी
नगराध्यक्ष एलीसेओंनी बोलावून घेतलं. "मेलेल्या पोरापायी जित्या पोरांचा पाव घालवलास, बाई! मला सत्तेचाळीस आहेत. मी लिहीत बसलो का?"

मी जागेवर येऊन बसले.

३० जानेवारी
फेलिसाचा अर्ज बाद. तिच्या घरी जाऊन सांगायचं धैर्य झालं नाही, सकाळीच पत्र पाठवलं. भित्री आहे मी!

अकरा वाजता ती पिठाच्या हातांनी तशीच ऑफिसात आली. सगळ्यांसमोर – "काय गं, पत्रात लिहिलंय 'नातेसंबंध'. कोमाद्रे म्हणवून घेतलंस ते माझ्या तोंडचा घास काढायला?"

मी म्हटलं, "नियम आहे."

"मग नियमालाच पाव मळायला सांग!"

गेली. टेबलावर तिच्या बोटांचं पीठ राहिलं. पुसलं.

७ फेब्रुवारी
शाळा सुरू झाल्या. मुलांना आपीबरोबर, जांभळ्या मक्याच्या गरम पेयाबरोबर, बिस्किटं. मीही एक बुडवून पाहिलं. लगदा झाला.

फेलिसाने दुसरी भट्टी विझवली. दोघी बायकांना कामावरून कमी केलं. त्यातल्या एकीने बाजारात मला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

१६ फेब्रुवारी, कोमाद्रेंचा गुरुवार
आज सगळ्या बायका आपापल्या कोमाद्रेला टोपली पाठवतात – पीच, द्राक्षं, गोड पावाची गोल कडी, तुळशीची डहाळी, कागदी झेंडे. भेटी देऊ-घेऊ नका, असं फॉर्मच्या मागे छापलंय. तरी पाठवली. एकतीस वर्षांत चुकली नाही.

तासाभरात परत आली. जशीच्या तशी.

रडले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, पीच खात खात!

२४ फेब्रुवारी
फेलिसा ऑफिसात आली. रांगेत उभी राहिली. नंबर आला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "रामिरो सांगत होता. तू त्याचं नाव लिहिलंस म्हणे."

"हो."

"आडनावासकट?"

"हो."

"आणि शिक्का?"

"आहे."

पावाबद्दल एक अक्षर बोलली नाही. "मला एक प्रत दे. शिक्क्याची. कुठल्याच कागदावर नव्हता गं तो."

प्रत काढली. दोन शिक्के मारले.